धागा: घांघरियाहून हेमकुंडचं तळं, एका दिवसात जाऊन-येऊन. बेत तपासून द्या

टिळकवाडी_तिसरं_गेट
नमस्कार मंडळी. गणपती विसर्जनानंतर उत्तराखंडात हेमकुंडला (डोंगरातलं तळं आणि काठावरचा शीख गुरुद्वारा) जायचा सहा जणांचा बेत आहे. वयं २४ ते ५८. एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, एकीचे गुडघे उतारावर दुखतात. राजहंसगड, वैजनाथ, कलानंदीगड, पारगड हे डोंगर सगळ्यांच्या पायाखालचे आहेत.

कागदावरचा बेत असा. पहिल्या दिवशी ऋषिकेशहून गोविंदघाट. दुसऱ्या दिवशी पुलन्यापर्यंत जीप आणि पुढे चालत घांघरिया, म्हणजे हेमकुंडच्या खालचं मुक्कामाचं गाव. तिसऱ्या दिवशी नाष्टा करून आठ वाजता निघायचं, सहा किलोमीटर चढून तळं बघायचं आणि संध्याकाळी घांघरियात परत. चौथ्या दिवशी खाली. वेळ उरला तर फुलांची दरी.

प्रश्न तीन. आठला निघालं तर पुरतंय काय? बेळगावात राहून तयारी कशी करायची? आणि डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही?

येळ्ळूरचा
सहा किलोमीटर म्हणजे आपल्या हिशेबाने काहीच नाही, असं वाटतं ना? तिथंच गडबड होते. राजहंसगडाचा चढ सुरू होईपर्यंत संपतो. हेमकुंडचा सुरू झाला की संपत नाही. पक्की फरसबंद वाट आहे, चुकायची भीती नाही, पण सपाट तुकडा जवळजवळ नाहीच.

आठला निघू नका. पाचला निघा. बाकीचे कारण सांगतील.

नकाशेवाला
कारण आकड्यात सांगतो. घांघरिया ३,०४९ मीटर. तळ्याच्या उंचीबद्दल मात्र एकमत नाही. कुठे ४,३२९ मीटर छापलेलं असतं, कुठे ४,६३२. म्हणजे चढ धाकट्या आकड्याने १,२८० मीटर आणि थोरल्या आकड्याने १,५८३ मीटर. सहा किलोमीटरमध्ये १,२८० म्हणजे दर शंभर मीटर वाटेला एकवीस मीटर वर.

आता वेळ. डोंगरात चालणाऱ्यांचा जुना हिशेब आहे, नाइस्मिथचा नियम: पाच किलोमीटरला एक तास, वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सहा किलोमीटरला १ तास १२ मिनिटं, १,२८० मीटरला २ तास ८ मिनिटं. एकूण ३ तास २० मिनिटं. पण हा हिशेब समुद्रसपाटीजवळच्या धडधाकट माणसाचा. साडेतीन-चार हजार मीटरवर त्यात किमान निम्मी भर घाला, म्हणजे पाच तास. थोरला आकडा धरला तर पावणेसहा.

आठला निघालात तर पोचायला एक ते पावणेदोन. गुरुद्वाऱ्यात रात्री कोणाला राहू देत नाहीत आणि दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली उतरायला लावतात. म्हणजे सहा तास चढून पंधरा मिनिटं तळं. शिवाय दुपारनंतर ढग भरतात, म्हणजे दिसणार तेही धुकंच.

वेळेचा हिशेब करताना नेहमी मोठा आकडा धरायचा. लवकर पोचलात तर नुकसान काही नाही.

खानापुरी
नकाशेवाले, मोबाइलवरची उंची धरली तर?

नकाशेवाला
धरा, पण फरकासाठी धरा. घांघरियात एकदा बघून लिहून ठेवा आणि वर किती चढलो तेवढंच मोजा. मोबाइल नुसत्या जीपीएसवर उंची दाखवतो तेव्हा कित्येक मीटर इकडेतिकडे होतो. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असेल तर हवामान बदललं की आकडा सरकतो, तो रोज सकाळी माहीत असलेल्या उंचीवर जुळवून घ्यावा लागतो.

नाडीपरीक्षा
तुमच्या बेतातली खरी चूक आठ वाजता निघण्याची नाही, ती दुसऱ्या क्रमांकाची. पहिली चूक म्हणजे घांघरियात पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी तळं.

बेळगाव साधारण साडेसातशे मीटरवर. ४,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे बेळगावात एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो त्याच्या दोनतृतीयांश. याची सवय शरीराला पायांच्या ताकदीने होत नाही, दिवसांनी होते. श्वास वाढतो, त्यामुळे रक्तातला कर्बवायू कमी होतो, त्याने रक्तातलं आम्ल-अल्कलीचं संतुलन बिघडतं, मग मूत्रपिंडं ते जुळवून घेतात. या कामाला एक-दोन रात्री लागतात. रोज दहा किलोमीटर पळणारा चोवीस वर्षांचा मुलगाही यात सवलत मागू शकत नाही. उलट तोच भरभर चढतो आणि तोच आधी आडवा होतो.

साधा नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. हेमकुंडला तुम्ही झोपणार नाही, खाली येणार, ही या वाटेची मोठी जमेची बाजू. पण घांघरियात एकाऐवजी दोन रात्री झाल्यावर वर जावं. मधल्या दिवशी काय करायचं ते तुम्हीच लिहिलंय: फुलांची दरी. ती 'वेळ उरला तर' नाही, ती आधी.

शहापूर_अक्का
अगदी हेच लिहायला आले होते. दरीची वाट घांघरियाहून थोडं पुढे जाऊन डावीकडे फुटते, उजवीकडची हेमकुंडची. दरीत चढ सौम्य आहे, घांघरियापेक्षा थोडं वर जाऊन दिवसभर फिरता येतं आणि परत खाली झोपता येतं. शरीराला हवं तेच. युनेस्कोच्या यादीतलं राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवेशशुल्क आहे, आत मुक्काम नाही, दुपारी ठरल्या वेळी बाहेर यावं लागतं. उद्यान ३१ ऑक्टोबरपर्यंत उघडं असतं, पण हेमकुंड साधारण १० ऑक्टोबरच्या आसपास बंद होतं. तेव्हा तारीख हेमकुंडची बघा.

एक सांगते, विसर्जनानंतर गेलात तर हवा स्वच्छ, डोंगर उघडे, गर्दी कमी. पण फुलं ओसरलेली असतील. ब्रह्मकमळ तळ्याच्या अलीकडच्या शेवटच्या चढावर फुलतं, त्याचा भर जुलै-ऑगस्ट ते सप्टेंबरचा पूर्वार्ध. दोन्ही एकदम मिळत नाही. ब्रह्मकमळ हवं असेल तर पाऊस सोसायचा आणि रस्त्यावर दरडींमुळे एक-दोन दिवस जातील असं धरून चालायचं.

चोर्ला_धुकं
पाऊस सोसायची आपल्याला सवय आहे की, अक्का. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वाढलेली माणसं आपण.

शहापूर_अक्का
ती सवय अर्धीच कामाला येते. कणकुंबीचा पाऊस वीस-बावीस अंशांचा. भिजलं तरी चालत राहिलं की अंग ऊब धरतं. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे घांघरियात पहाटे आठ अंश असेल तर तळ्याकाठी तेव्हा शून्याच्या आसपास, वर वारा. भिजलेला सुती बनियन तिथं अंगावर ठेवला तर पंधरा मिनिटांत दात वाजायला लागतात. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि अंगाची ऊब खेचून घेतो.

आत पॉलिस्टरचा टी-शर्ट (कबड्डीच्या जर्सीचं कापड चालतं), त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट. चढताना स्वेटर काढून ठेवा, घाम येऊ देऊ नका. थांबलात की आधी स्वेटर, मग चहा. जीन्स नको. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बॅगेच्या तळाशी. त्याला वर पोचेपर्यंत हात लावायचा नाही.

पिरनवाडी
पोंचो की जाकीट?

येळ्ळूरचा
वाट रुंद आणि फरसबंद आहे म्हणून पोंचो चालतो, बॅगही झाकली जाते. पण वारा सुटला की तो तोंडावर येतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. जाकीट घ्या आणि बॅगेला वेगळं कव्हर. छत्री घांघरियापर्यंत ठीक, तिथून वर नको.

निपाणीकर
खेचरांबद्दल कोणी लिहिलं नाही. ही वाट यात्रेची आहे, खेचरं दिवसभर वर-खाली करतात. मागून घंटा ऐकू आली की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला नाही. पाठीवरचं ओझं लागून माणूस ढकलला जातो आणि जनावराला ते कळतही नाही. दुसरं, फरशीवर लीद आणि पाणी मिळून शेवाळासारखं निसरडं होतं. उतरताना सगळ्यात जास्त पाय तिथंच जातात.

५८ वर्षांच्या माणसाला सरळ खेचर करा. दमायचं कशाला?

नाडीपरीक्षा
@निपाणीकर, गुडघ्यांसाठी खेचर ठीक, उंचीसाठी नाही. खेचरावर बसून माणूस कमी वेळात वर पोचतो आणि स्वतःचा दम किती लागलाय ते त्याला चालताना कळलं असतं तसं कळत नाही. डोकेदुखी वर पोचल्यावर सुरू होते. शिवाय न हालता बसलेला माणूस गारठतो. खेचर केलंत तरी दोन रात्रींचा नियम तोच, आणि अंगावर चालणाऱ्यापेक्षा एक कपडा जास्त.

गोकाक_फॉल
हाच मुद्दा रोपवेलाही लागू होतो ना? गोविंदघाट ते हेमकुंड १२.४ किलोमीटरच्या रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. झाला तर अठराशे मीटरवर बसलेला माणूस थेट तळ्याकाठी उतरेल.

नाडीपरीक्षा
होय, म्हणून रोपवे झाल्यावर वर थोडाच वेळ थांबणं आणि त्रास वाटला की लगेच उतरणं जास्त महत्त्वाचं होणार. पण म्हाताऱ्या, अपंग भाविकांना दर्शन मिळेल हेही खरं आहे, त्याला विरोध नाही.

आता डायमॉक्स, म्हणजे असेटाझोलामाइड. हे प्रतिबंधाचं औषध आहे, सवय लवकर व्हायला मदत करतं. रूढ मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा बेचव लागतो. हे अपेक्षित आहे, घाबरू नये. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. तुमच्यातल्या रक्तदाबवाल्यांनी तर विचारल्याशिवाय अजिबात नाही: रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि पोटॅशियम घालवणाऱ्या असतात, त्यात डायमॉक्सची भर पडते. सगळ्यांनी जाण्याच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी. रक्तदाबाची रोजची गोळी तिथं जाऊन बंद करू नये.

दोन रात्री घांघरियात काढणार असाल तर निरोगी माणसाला ही गोळी बहुतेक वेळा लागत नाही. गोळी घेतली म्हणून एक रात्र वाचवायची, हा सौदा मात्र करू नका.

खानापुरी
त्रास होतोय हे ओळखायचं कसं? दम तर सगळ्यांनाच लागतो.

नाडीपरीक्षा
चांगला प्रश्न. चालताना दम लागणं आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत तो बसणं, हे सरळ आहे. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा यांतलं काही आलं की तो उंचीचा त्रास धरा, पित्ताला, अपुऱ्या झोपेला किंवा नाष्ट्याला दोष देऊ नका. तिथून वर जायचं नाही. बसा, पाणी प्या, पॅरासिटामॉल चालेल. तासाभरात उतार नसेल तर खाली.

दोन खुणा मात्र धावपळीच्या आहेत. बसल्या जागी, विश्रांती घेतानाही दम लागणं, खोकला, छातीत घरघर, म्हणजे फुप्फुसात पाणी. आणि चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ, म्हणजे मेंदूला सूज. परीक्षा सोपी आहे: एका सरळ रेषेत टाचेला चवडा लावून दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर त्या क्षणी खाली, कोणीतरी धरून, शक्य असेल तर खेचरावर किंवा कंडीत (हमालाच्या पाठीवरच्या टोपलीत). रात्र असली तरी. अशा माणसाला 'जरा पडून रहा' म्हणणं हा सगळ्यात वाईट सल्ला.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नेलंत तर आकड्याने घाबरू नका. घांघरियात नव्वदीच्या आसपास आणि तळ्याकाठी ऐंशीच्या घरात दिसलं तरी माणूस ठणठणीत असू शकतो. गार बोटावर ते चुकीचं दाखवतं, आधी हात चोळून गरम करा.

मलप्रभा
सोबत मधुमेही कोणी असेल तर: इन्शुलिन बॅगेत नको, आतल्या खिशात अंगाच्या ऊबेला ठेवा, एकदा गोठलं तर टाकून द्यावं लागतं. ग्लुकोमीटरही थंडीत चुकतो किंवा चालतच नाही.

चंदगड_सीमा
तयारीचं कोणी बोलेना, मी बोलतो. बेळगावात आठ आठवडे धरा.

आपल्या भागातल्या डोंगरांची अडचण अशी की एकेकाचा चढ थोडा. तेव्हा एक डोंगर चढून फोटो काढून वडापाव खाऊन परत, ही तयारी नव्हे. मोबाइलवर चढ मोजा आणि एकाच सकाळी तोच चढ पुन्हा पुन्हा करा. पहिल्या दोन आठवड्यांत एका सकाळी एकूण ३०० मीटर, मग ५००, सातव्या आठवड्यापर्यंत ९०० ते १,०००. राजहंसगडाला गावाच्या बाजूने बऱ्याच फेऱ्या पडतील. महिपाळगड, वैजनाथ एकाच दिवसात जोडा. पाठीवर पाच-सहा किलो, कारण वर तेवढंच न्यायचं आहे. शेवटच्या आठवड्यात काही नाही, फक्त सपाटीवर चालणं.

आठवड्यातले मधले दिवस जिना. एक मजला तीन मीटर धरा. चार मजल्यांची इमारत पंचवीस वेळा म्हणजे ३०० मीटर. उतरताना जिन्याने सावकाश उतरा, गुडघ्यांसाठी उतार हीच खरी तालीम आहे. मांडीचे पुढचे स्नायू उतरताना ताणले जात असताना काम करतात, त्याची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी पायरी उतरता येत नाही.

पिरनवाडी
कुमारपर्वत करून बघितला तर?

चंदगड_सीमा
उत्तम कसोटी आहे. कुक्के सुब्रमण्यच्या बाजूने चढ दीड हजार मीटरपेक्षा जास्त, शिखर १,७१२ मीटर. हेमकुंडाच्या चढापेक्षा कमी नाही, वाट त्याहून खडबडीत. पण वनखात्याचा ऑनलाइन परवाना लागतो आणि वाट ठराविक महिन्यांतच उघडी असते, पावसाळ्यात बंद. सप्टेंबरअखेरीस जाणाऱ्याला आधीच्या हंगामात करावा लागेल. आणि कुमारपर्वत जमला म्हणजे पाय तयार झाले, फुप्फुसं नाहीत. वर नाडीपरीक्षांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा.

शहापूर_अक्का
ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी: दोन काठ्या, एक नाही. उतरताना काठी कोपरात काटकोन होतो त्यापेक्षा थोडी लांब करा, चढताना आखूड. तळ्याजवळ शेवटी वाट वळणं घेत जाते आणि तिथंच हजारभर पायऱ्यांची जवळची वाट फुटते. चढताना पायऱ्या घेऊ नका, अंतर वाचतं पण दम एकदम फुटतो. उतरताना तर नकोच, पायऱ्या उंच आहेत आणि ओल्या असतात. दोन्ही वेळा खेचरांची वळणाची वाट.

गोकाक_फॉल
खाण्याचं काय ठरलं? बेळगावची माणसं कुंदा घेतल्याशिवाय निघायची नाहीत.

मलप्रभा
कुंदा दिल्लीपर्यंत संपवून टाका, दुधाचा पदार्थ आहे. डोंगरासाठी आपल्याकडे त्याहून भारी वस्तू आहे: करदंट. गूळ, डिंक, सुकामेवा. टिकतो, थंडीत दगड होत नाही, थोड्याशा तुकड्यात भरपूर ताकद. उंचीवर भूक मरते, तेव्हा मोठं जेवण जात नाही. दर पाऊण तासाला सुपारीएवढा तुकडा तोंडात टाकायचा आणि दोन घोट पाणी. माणशी दीडशे ग्रॅम त्या एका दिवसाला पुरे.

सोबत ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरीत पाणी नसतं म्हणून ती आठवडाभर हलत नाही. पाणी माणशी दोन लिटर, त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसची एक लिटरची पुडी. पुडी अर्धी-अर्धी करून अंदाजाने टाकू नका, ती एका लिटरसाठीच मोजलेली असते.

गोकाक_फॉल
करदंटाचं नाव काढलंत, आता गोकाकचा की अमीनगडचा यावर वीस प्रतिसाद पडतील.

मलप्रभा
गोकाकचा. झालं, पुढे चला 😀

येळ्ळूरचा
वर गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, गरम खिचडी आणि चहा. हंगामात वाटेवर चहाची दुकानंही आहेत. तरी आपलं खाणं आपल्याकडे असावं. त्या उंचीवर पाणी शंभरऐवजी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून शिजायला वेळ आणि इंधन जास्त लागतं. तिथं लाकूड-गॅस सगळं खालून माणसाच्या किंवा खेचराच्या पाठीवर येतं, तेव्हा ताटात टाकू नका.

आणखी एक. आत जाताना बूट काढायचे, डोकं झाकायचं. घामाने ओले मोजे घालून गार फरशीवर गेलात की पाय बधिर. कोरडे लोकरीचे मोजे खास त्यासाठी वेगळे ठेवा. डोक्याला रुमाल किंवा कानटोपी.

निपाणीकर
तळ्यात स्नान?

नाडीपरीक्षा
श्रद्धेचा विषय आहे, पण शरीराचं सांगतो. पाच तास चढून घामेजलेल्या अंगाने बर्फाच्या पाण्यात एकदम उतरलं की श्वास आवळतो, रक्तदाब झर्रकन वर जातो. रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी ओंजळभर पाणी डोक्याला लावावं. बाकीच्यांनी अर्धा तास विसावा घेऊन, पायापासून ओलं करत, पटकन उतरून बाहेर, आणि लगेच कोरडे कपडे. एकट्याने नाही.

खानापुरी
बेळगावहून जायचं कसं, तेही सांगा. नऊ दिवसांची रजा पुरते काय?

नकाशेवाला
गोवा एक्स्प्रेस संध्याकाळी बेळगावात, तिसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीन. तिथून हरिद्वार-ऋषिकेश गाठायला तो दिवस. ऋषिकेश ते जोशीमठ अडीचशे किलोमीटर, गाडीत नऊ-दहा तास, पहाटे निघायचं. डोंगराच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवायचा आग्रह चालकाला करू नका. एका दिवसात गोविंदघाट गाठण्यापेक्षा जोशीमठला, म्हणजे साधारण १,९०० मीटरवर रात्र काढा. सकाळी गोविंदघाट वीस-बावीस किलोमीटर, मग पुलना, मग घांघरियाची दहा किलोमीटर चाल.

रेल्वेने दोन्हीकडचे मिळून साडेतीन-चार दिवस जातात. मग नऊ दिवसांत एकही राखीव दिवस उरत नाही. पिपळकोटी ते जोशीमठच्या टप्प्यात पागलनाला आहे, पाऊस झाला की तिथं दगडमाती येते आणि रस्ता तासन्‌तास बंद. म्हणून एक तर रजा तेरा दिवस करा, नाहीतर चोर्ल्यातून गोव्याला उतरून जाताना दिल्लीचं विमान घ्या आणि येताना रेल्वे. राखीव दिवस कापून रेल्वेचं तिकीट बसवणं, ही सगळ्यात जास्त केली जाणारी चूक.

उत्तराखंड सरकारच्या यात्रा नोंदणीत हेमकुंड साहिबचा पर्याय आहे, ती नोंदणी निघायच्या आधी करा, कागदावर छापून न्या. जोशीमठच्या पुढे पैशांचं यंत्र शोधत बसू नका, रोख तिथंच काढून ठेवा.

चोर्ला_धुकं
परत फिरायची वेळ ठरवलीत काय?

टिळकवाडी_तिसरं_गेट
ते नाही ठरवलं. वर पोचलं की परत फिरायचं, एवढंच.

चोर्ला_धुकं
मग ती आज ठरवा, घरी बसून. वर गेल्यावर ठरत नाही, 'अजून थोडंच राहिलंय' हे वाक्य तिथं प्रत्येकाच्या तोंडी येतं. पाचला निघालात तर साडेअकराला जिथं असाल तिथून मागे. तळं दहा मिनिटांवर असेल आणि आकाश मोकळं असेल तरच पुढे. वेळ सगळ्यांना एकच, तरण्यांना वेगळी नाही.

सहा जणांत सगळ्यात हळू चालणारा पुढून दुसरा ठेवा, वेग त्याचा. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी, त्याच्या मागे आपला कोणी उरता नये. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. आणि कोणाला उतरायचं झालं तर सोबत कोण उतरणार ते नावानिशी आधीच ठरलेलं असू दे. वर वाद घालायला श्वास नसतो.

झाडांची हद्द संपली, शेवटचे भूर्जवृक्ष मागे पडले की आडोसा नाही. वीज कडाडायला लागली तर उघड्या धारेवर थांबू नका, खाली चला.

टिळकवाडी_तिसरं_गेट
सगळ्यांचे मनापासून आभार. बेत पुसून नवा लिहिला: जोशीमठ एक रात्र. घांघरिया तीन रात्री. मधला पहिला दिवस फुलांची दरी, दुसरा दिवस हेमकुंड, पाचला निघून साडेअकराला परत फिरायचं. रजा तेरा दिवस मिळते का बघतोय, नाही मिळाली तर जाताना गोव्याहून विमान. राखीव दिवस एक. काका, म्हणजे ५८ वर्षांचे, चालतच जाणार म्हणतात. त्यांच्यासोबत उतरायचं नाव ठरलं. डॉक्टरांची भेट या शनिवारी. अजून काही राहिलं काय?

नाडीपरीक्षा
घांघरियात पोचल्यावर संध्याकाळी मद्य आणि झोपेची गोळी कोणीही घ्यायची नाही. दोन्हींनी झोपेत श्वास मंदावतो. बाकी बेत चांगला आहे.

शहापूर_अक्का
बूट नवे असतील तर आत्ताच घालायला लागा, किमान पन्नास-साठ किलोमीटर इथं चालून होऊ द्या. निघायच्या चार दिवस आधी पायाची नखं कापा. लांब नख उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळं पडतं.

निपाणीकर
काकांना माझा नमस्कार सांगा. खेचराचं परतीसाठी तरी मनात असू द्या.

येळ्ळूरचा
सप्टेंबरअखेर तिथं सहाच्या सुमारास उजाडतं. पाचला निघालात तर पहिला तास अंधार आणि झाडी. सहा जण एकत्र चाला, बोलत चाला, त्या जंगलात अस्वलं आहेत. प्रत्येकाकडे डोक्याला लावायची टॉर्च हवी, मोबाइलची नको, हात काठ्यांना लागतात. आणि टॉर्चमधला एक सेल बॅगेत असताना उलटा घालून ठेवा, म्हणजे बटण दाबलं जाऊन ती आतल्या आत जळत राहत नाही. घांघरियात आदल्या रात्री सरळ करायचा.